पर्यायी संचालन-प्रणालीची अडचण : फायरफॉक्स ओएसचे उदाहरण

अँड्रॉइड व आयओएस यांच्या जोडीस स्मार्टफोनची तिसरी संचालन-प्रणाली का टिकत नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुधा तांत्रिक उणिवांत शोधले जाते. मोझिलाचा अनुभव पाहता ते उत्तर अपुरे ठरते.

मोझिलाने 2011 साली हाती घेतलेली फायरफॉक्स ओएस 2013 साली स्पेनमध्ये प्रथम विक्रीस आली. चिपनिर्माते आपले ड्रायव्हर मुख्यतः अँड्रॉइडसाठी लिहितात. म्हणून मोझिलाने अँड्रॉइडचाच लिनक्स-गाभा घेऊन त्यावर आपल्या ब्राउझरचे इंजिन बसविले. योजना चतुर होती. ॲप हे वेब-तंत्रानेच लिहिलेले असेल, तर ॲपांची वानवा कशी पडावी? परंतु व्हॉट्सॲप तसे लिहिलेले नव्हते. ते आणावयाचे तर त्याच्या मालकानेच ते नव्याने रचावयास हवे. आणि ग्राहक थोडे असता त्याने हा खर्च का सोसावा? ग्राहक थोडे, कारण व्हॉट्सॲप नाही. हे चक्र भेदण्याचे साधन प्रणालीकर्त्याच्या हाती नसते, ही खरी मेख होय. विंडोज फोनची स्थिती याहून वेगळी नव्हती. मायक्रोसॉफ्टला द्रव्याची ददात नव्हती. तिने यूट्यूबचे ॲप स्वतः लिहूनही पाहिले. गूगलने ऑगस्ट 2013 मध्ये ते रोखले.

भारतात ऑगस्ट 2014 मध्ये इंटेक्सने फायरफॉक्स ओएसवरील ‘क्लाउड एफएक्स’ 1,999 रुपयांस आणला. त्याची कार्यस्मृती अवघी 128 एमबी होती. या किमतीच्या यंत्राकडून चपळतेची अपेक्षा करणे अन्यायाचेच. परंतु प्रणालीची पारख ग्राहकाने अशाच यंत्रावरून केली. डिसेंबर 2015 मध्ये मोझिलाने दूरध्वनी-कंपन्यांमार्फत होणारी या फोनांची विक्री थांबविण्याचे जाहीर केले.

याच प्रणालीच्या संहितेतून पुढे काइओएस निघाली. तिने स्मार्टफोनशी स्पर्धा टाळून बटणांच्या फोनाचा आश्रय घेतला. 2017 सालच्या जिओफोनमध्ये, 1,500 रुपयांच्या परताव्यायोग्य अनामतीवर, ती लोकांच्या हाती गेली. प्रारंभी तेथेही व्हॉट्सॲप नव्हते. जुलै 2018 पर्यंत जिओफोनधारकांची संख्या अडीच कोटींवर गेल्याचे रिलायन्सने सांगितले, आणि सप्टेंबरमध्ये व्हॉट्सॲप आले. जिओपाशी स्वतःचे जाळे होते व फोनाचा भार सोसण्याची ऐपत होती. मोझिलापाशी यांपैकी काहीच नव्हते. तथापि जिओच्या बळावर मिळालेले हे ॲपही काइओएसच्या मालकीचे झाले नाही. 2024 साली व्हॉट्सॲपने काइओएसच्या ॲप-भांडारातून आपले ॲप काढून घेतले.