‘चांगला विचार करा’ म्हणजे नेमके काय करायचे?

अंगात त्राण नाही, कशात मन लागत नाही, रात्री उगाच जाग येते आणि नको ते विचार येतात, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांची संख्या कमी नाही. घरची मंडळी त्यांना एकच सल्ला देतात : ‘चांगला विचार कर, सगळे ठीक होईल.’ सल्ला प्रेमापोटीच दिलेला असतो. पण ताप आलेल्या माणसाला ‘ताप उतरव’ म्हणून तो उतरत नाही, तसेच हेही आहे. चांगला विचार करायचा म्हणजे काय करायचे, हे त्याला कोणीच सांगत नाही. आज त्याचीच थोडी माहिती घेऊ.

मन वाईटाकडेच का धावते?

दुकानात दिवसभरात वीस गिऱ्हाइके समाधानाने गेली आणि एक भांडून गेले, तर रात्री अंथरुणावर आठवते ते भांडणारे. यात मनाचा दुबळेपणा नाही. धोका चटकन हेरणे आणि तो लक्षात ठेवणे, ही मेंदूची जन्मजात ठेवण आहे. जंगलात राहणाऱ्या माणसाचा जीव तिनेच वाचवला. धोका दिसला की शरीरात ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल हे स्राव वाढतात, छाती धडधडते, स्नायू ताठतात, झोप उडते. आज समोर वाघ नसतो. बँकेची नोटीस असते, मुलाचा निकाल असतो, मुलीच्या लग्नाची काळजी असते. पण तीच काळजी मनात दहा वेळा उगाळली, तर शरीर दहा वेळा वाघ आल्यासारखेच वागते. डोकेदुखी, पित्त, मान आखडणे यांचे मूळ पुष्कळदा इथे असते.

घटना एक, अर्थ दोन

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात एक साधी गोष्ट उपचारासाठी वापरली. आपल्याला त्रास होतो तो केवळ घटनेमुळे नव्हे. त्या घटनेचा आपण काय अर्थ लावतो, त्यावरही तो अवलंबून असतो.

समजा, जुना मित्र बाजारात समोरून आला आणि न बोलता निघून गेला. ‘आता आपली किंमत राहिली नाही’ असे वाटले, तर दिवस वाईट जातो. ‘घाईत असेल, लक्ष नसेल’ असे वाटले, तर आपण पुढे चालू लागतो. अशा वेळी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मला जे वाटते त्याला पुरावा काय? याचे दुसरे काही कारण असू शकेल का? आणि हेच माझ्या भावावर ओढवले असते, तर मी त्याला काय सांगितले असते? ‘नेहमीच’, ‘सगळेच’, ‘कधीच’ हे शब्द मनात आले की सावध व्हावे. ते बहुधा खरे नसतात.

मात्र याचा अर्थ खोटी समजूत घालणे असा नव्हे. पावसाने सोयाबीन गेले असेल, तर ते गेलेच. अशा माणसाला ‘हसत राहा’ म्हणणे ही त्याची थट्टा होईल. पण ‘सोयाबीन गेले’ आणि ‘मी संपलो’ या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. पहिल्या वाक्यापुढे पंचनामा, विमा, बँकेशी बोलणी, रब्बीची तयारी अशी काही ना काही वाट असते. दुसऱ्यापुढे वाटच नसते. वाट शिल्लक ठेवणारा विचार, तोच चांगला विचार.

आधी हातपाय, मग मन

‘मन लागले की करीन’ असे म्हणून आपण कामे टाळतो आणि त्यामुळे मन आणखी खचते. क्रम उलटा करावा. आधी कृती करावी, मन मागून येते.

१) आठवड्यातून पाच दिवस तरी रोज अर्धा तास भरभर चालावे. शक्यतो सकाळच्या उजेडात.

२) उठण्याची वेळ ठरलेली ठेवावी. सात तास झोप हवी. सायंकाळनंतर चहा-कॉफी टाळावी आणि मोबाईल अंथरुणापासून लांब ठेवावा.

३) सोडून दिलेले एक छोटे काम रोज करावे. कपाट आवरणे, भजनाला जाणे, सायकल पुसणे, काहीही चालेल.

४) दिवसातल्या तीन बऱ्या गोष्टी रात्री वहीत लिहाव्यात. मोघम नको, नेमके लिहावे : ‘शेजारच्या काकूंनी न मागता भाजी दिली.’ अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आठवड्यातून एकदा अशी नोंद करणारे विद्यार्थी कटकटींची नोंद करणाऱ्यांपेक्षा अधिक समाधानी आढळले.

५) मन हलके करण्यासाठी दारूचा आधार घेऊ नये. ती तासभर विसर पाडते, पण झोप बिघडवते आणि उदासी वाढवते.

एवढ्याने भागत नाही तेव्हा

थकवा व उदासी यांमागे कधी कधी शारीरिक कारण असते. रक्तक्षय, थायरॉईडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, मधुमेह यांच्या तपासण्या करून घ्याव्यात. विशेषतः घरातील स्त्री सतत दमत असेल, तर तिला आळशी ठरवण्याआधी तिचे हिमोग्लोबिन पाहावे.

दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकते. हा आजार आहे, स्वभावदोष नव्हे. समुपदेशन आणि औषधे यांनी तो बरा होतो. औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. ही औषधे म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्यांचे व्यसन लागत नाही. पण ती आपल्या मनाने बंद करू नयेत.

‘जगण्यात अर्थ नाही’ असे कोणी म्हणाले, तर ते हसण्यावारी नेऊ नका. जीव देण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटे सोडू नका, घरातील कीटकनाशके कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो, आणि तो मराठीतही मिळतो.

बाकीच्यांनी वरील पाचपैकी एकच गोष्ट निवडावी आणि महिनाभर नेमाने करावी. पाचही एकदम धरल्या, तर आठवड्यात सुटतील. एक टिकली, की दुसरी धरणे सोपे जाते.