जागतिक दर्जाचे नाशिक, पण माप कोणाचे?

२०२७च्या सिंहस्थाची तयारी सुरू झाल्यापासून नाशिकमध्ये ‘जागतिक दर्जा’ हे शब्द सारखे कानावर पडत आहेत. घाट जागतिक दर्जाचे, रस्ते जागतिक दर्जाचे, विमानतळही तसाच. २०११च्या जनगणनेनुसार सुमारे पंधरा लाख वस्तीच्या या शहराने मोठे स्वप्न पाहू नये, असे कोणी म्हणणार नाही. पण स्वप्नाचे पैसे नागरिकांच्या करातून जातात, म्हणून ते स्वप्न नेमके कशाचे आहे, हे तपासायला हवे. पीटर हॉल यांनी १९६६ साली ‘जागतिक शहरां’वर पुस्तक लिहिले. सास्किया सासेन यांनी १९९१ मध्ये न्यूयॉर्क, लंडन आणि टोकियोचा अभ्यास मांडला. पुढे ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी शहरांची अल्फा, बीटा, गॅमा अशी प्रतवारी सुरू केली. या प्रतवारीत लेखापरीक्षण, वित्त, कायदा, जाहिरात अशा क्षेत्रांतल्या बड्या कंपन्यांच्या कचेऱ्या आणि त्यांचे आपसातले जाळे मोजले जाते. नळाला पाणी किती वेळ येते, बस वेळेवर येते का, नदीत निर्धास्त उतरता येते का, यांची नोंद तिथे होत नाही. उलट अशा शहरांत गलेलठ्ठ पगारवाले आणि तुटपुंज्या मजुरीवर राबणारे यांच्यातली दरी रुंदावते, असे सासेन यांचेच निरीक्षण आहे. नाशिकने ही शर्यत धावण्यात काही हशील नाही. नाशिकची आकांक्षा मोठीच असावी, पण तिचे माप इथल्या रोजच्या जगण्यातून यावे आणि त्यातले पहिले माप गोदावरीचे पाणी असावे, असे माझे म्हणणे आहे.

जगाशी नाते जोडण्यासाठी नाशिकला कोणाची नक्कल कधीच करावी लागली नाही. पांडवलेण्यांतल्या उषवदाताच्या शिलालेखात तीन हजार कार्षापणांच्या अक्षयनिधीची नोंद आहे. ही रक्कम गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवली होती. दोन हजारांवर महिना शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण असा व्याजाचा दरही तिथे कोरलेला आहे. उषवदातासारख्या राजाच्या जावयाने आपला पैसा विणकरांच्या हाती सोपवावा, एवढी त्या श्रेणींची पत होती आणि ही गोष्ट सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची. अलीकडच्या काळातही तेच दिसते. नाशिकरोडचा नोटांचा छापखाना १९२८ पासून चालू आहे. ओझरला मिग विमाने बनली, मग सुखोई बनली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथेच तयार झालेल्या तेजस मार्क १ए विमानाने उड्डाण केले. इथली द्राक्षे युरोपच्या बाजारात जातात. यातले काहीही शहराला कोणत्या यादीत बसवण्यासाठी केलेले नाही. जे काम हाती होते ते चोख केले, म्हणून जग इथे आले.

यादीत बसण्यासाठी धडपड केली की काय होते, तेही नाशिकने पाहिले आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये शहराची निवड स्मार्ट सिटी योजनेत झाली. योजनेच्या रचनेनुसार निवडलेल्या शहराला पाच वर्षांत केंद्राकडून पाचशे कोटी आणि तेवढाच वाटा राज्य व महापालिकेकडून मिळायचा. त्यातला ठळक प्रकल्प म्हणजे अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड. मेहेर चौक, जिल्हाधिकारी कार्यालय, न्यायालय, सीबीएस हा सगळा वर्दळीचा भाग त्याच रस्त्यावर. काम ठरल्या मुदतीच्या फार पुढे लांबले आणि तोवर शहराचा मध्य खोदलेलाच राहिला. पदपथ रुंद आणि सरळ असावेत, हे मलाही पटते. पण सव्वा किलोमीटरही नसलेला एक देखणा तुकडा साऱ्या शहराच्या प्रगतीची खूण म्हणून मिरवला जातो, तेव्हा सिडको, सातपूर, पंचवटीच्या आतल्या गल्ल्यांचा प्रश्न नजरेआड होतो. मेट्रोचेही तसेच झाले. फेब्रुवारी २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात टायरवर धावणाऱ्या ‘मेट्रो निओ’साठी २,०९२ कोटी रुपयांच्या प्रकल्पाची घोषणा झाली आणि शहरभर पेढे वाटले गेल्यासारखे वातावरण झाले. पुढची अनेक वर्षे त्या मार्गाचा एक खांबही उभा राहिला नाही. त्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, महापालिकेची सिटीलिंक बससेवा सुरू झाली. शाळकरी मुले, अंबडचे कामगार, सिव्हिल हॉस्पिटलला जाणारे रुग्ण यांना तिचाच आधार आहे. पण बसच्या फेऱ्या, थांबे आणि चालक-वाहकांचे वेळेवर होणारे पगार यांवर मेट्रोच्या चर्चेइतकी चर्चा झालेली आठवत नाही.

आता नदी. गंगापूर धरणातून नाशिक गोदावरीचे स्वच्छ पाणी पिते आणि काही किलोमीटर खाली त्याच नदीत आपले मैलापाणी सोडते. नंदिनी आणि वाघाडी या उपनद्यांना नाल्याची कळा आली आहे. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथे मलजल शुद्धीकरण केंद्रे असूनही रामकुंडाच्या खाली पाणवेली फोफावतात, म्हणजे पाण्यात काय मिसळते आहे ते उघड आहे. २००३च्या सिंहस्थाआधी सोयीच्या नावाखाली पात्राचा तळ काँक्रीटने झाकला गेला. त्याखाली जुनी कुंडे आणि त्यांचे झरे गाडले गेले आणि ते काँक्रीट काढावे म्हणून नागरिकांना उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. २००८ आणि २०१६च्या पुरांत पाणी बाजारपेठेत शिरले. दुतोंड्या मारुतीवरून पुराची उंची मोजणाऱ्या शहराला नदीला पसरायला जागा लागते, हे वेगळे शिकवायची गरज नव्हती. २०२५च्या अखेरीस साधुग्रामासाठी तपोवनातली सतराशे-अठराशे झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला आणि लोक रस्त्यावर उतरले. तो राग फक्त झाडांसाठी नव्हता. दर बारा वर्षांनी पाहुण्यांसाठी शहर सजवायचे आणि त्यात शहराचेच काही गमवायचे, या रीतीबद्दलचाही होता. खरे तर जगाने इथे मान दिला आहे तो पाण्यालाच. कुंभमेळ्याला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०१७ मध्ये स्थान मिळाले. निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या त्या पाणथळीत गोदावरीतून पोहोचणारे पाणी नाशिक शहर ओलांडून येते.

यावर पहिला आक्षेप म्हणून बिल्बाओचे उदाहरण हमखास दिले जाते. स्पेनमधल्या या मध्यम शहराने १९९७ मध्ये गुगेनहाइम संग्रहालय उभारले आणि त्याचे नशीब पालटले, असे सांगतात. पण या कहाणीची सुरुवात संग्रहालयापासून होत नाही. कारखान्यांनी काळी पडलेली नदी स्वच्छ करण्याचा सांडपाण्याचा आराखडा तिथे १९७९ मध्येच मंजूर झाला होता आणि भुयारी रेल्वे १९९५ मध्ये धावू लागली होती. वास्तू शेवटी आली. आपल्या शेजारच्या सुरतेचा दाखला तर अधिक जवळचा आहे. १९९१ मध्ये सुरतेची लोकसंख्या २०११च्या नाशिकएवढीच, पंधरा लाखांच्या आसपास होती. १९९४ च्या प्लेगच्या साथीने शहर हादरले. १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी विभागीय अधिकाऱ्यांना अधिकार दिले, सगळ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवले आणि कचरा, गटारे, अतिक्रमणे यांवर चिकाटीने काम केले. एक-दोन वर्षांत सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुले शिकतात आणि पुण्या-मुंबईला निघून जातात. गुंतवणूक आणायची तर शहराला दिमाख हवाच, असे उद्योजक आणि पालक म्हणतात. ही व्यथा खरी आहे. पण उद्योग वीज, पाणी, रस्ते, मालवाहतूक आणि कुशल माणसे पाहून येतात. सातपूर आणि अंबडच्या वसाहती याच बळावर वाढल्या. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून इगतपुरीपुढे मुंबईकडे पूर्ण खुला झाला, याचा उपयोग कोणत्याही रोषणाईपेक्षा जास्त आहे. मुलांचे म्हणाल तर मुक्त विद्यापीठ आणि आरोग्यविज्ञान विद्यापीठ या दोन्हींची मुख्यालये याच शहरात आहेत. त्यांच्याभोवती संशोधन आणि रोजगार उभा राहावा, यासाठी शहराने किती प्रयत्न केले, हा प्रश्न विचारायला हवा.

तिसरे म्हणणे असे की सिंहस्थासारखी मुदत असल्याशिवाय सरकारी काम हलत नाही. त्यात तथ्य आहे आणि २०२७ साठी येणारा निधी नाकारण्याचे कारण नाही. पण मुदत संपली की यंत्रणा थंडावते आणि नदीचे काम तर बाराही महिन्यांचे आहे. त्यासाठी जाब विचारता येईल असे सभागृह लागते. मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ महापालिकेचा कारभार प्रशासकाकडे होता आणि शहराचे मोठे निर्णय त्याच काळात झाले. आता निवडून आलेले सभागृह आहे. नाशिककरांनी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे एक साधी मागणी करावी: आनंदवल्ली, रामकुंड, तपोवन आणि दसक इथल्या गोदावरीच्या पाण्याच्या तपासणीचे निकाल आणि नदीला थेट मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याची यादी दर महिन्याला प्रभाग कार्यालयात लावा आणि सिंहस्थ संपल्यानंतरही ती लावत राहा.