नकाशावरचा ठिपका आणि रस्त्यावरची एसटी

सकाळची वेळ. बुलढाणा–मलकापूर रस्त्यावर मोताळ्याच्या पुढे एका फाट्यावर आठ-दहा विद्यार्थी एसटीची वाट पाहत उभे आहेत. गाडी बुलढाण्याहून निघाली का? राजूर घाट उतरली का? की बिघडून घाटातच उभी आहे? पूर्वी या प्रश्नांचे उत्तर बुलढाण्याकडून येणाऱ्या एखाद्या दुचाकीस्वाराला विचारून मिळे. "घाटात दिसली होती बुवा, वीसेक मिनिटं झाली असतील," असे तो सांगे. त्यावरून थांबायचे, की पास खिशात ठेवून पदरच्या पैशाने काळी-पिवळीत बसायचे, हे मुले ठरवत.

आता हेच उत्तर संगणकाच्या पडद्यावर, नकाशावर सरकणाऱ्या एका ठिपक्याच्या रूपाने मिळू शकते. १ जानेवारी २०१९ पासून देशात नव्याने नोंदणी होणाऱ्या बस, टॅक्सी यांसारख्या प्रवासी वाहनांना स्थाननिदर्शक यंत्र बसवणे नियमाने बंधनकारक झाले. हे यंत्र पाठवते ते फक्त आकडे. त्या आकड्यांचा ठिपका करण्याचे काम संगणकाला दिलेल्या आज्ञावलीचे, म्हणजे प्रोग्रॅमचे असते. ती आज्ञावली कशी लिहितात आणि ती कोठे चुकू शकते, हे या लेखात पाहू. दहावीची भूमिती आणि थोडी चिकाटी एवढे भांडवल त्यासाठी पुरेसे आहे.

ठिपका येतो कोठून?

"उपग्रह गाडीवर नजर ठेवतो" असा एक समज आहे. प्रत्यक्षात उपग्रहाला आपल्या गाडीची गंधवार्ताही नसते. अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून केवळ 'मी अमुक, आत्ता अमुक वेळ, मी अमुक जागी' असे सतत सांगत असतात. भारताच्या 'नाविक' प्रणालीचे उपग्रहही तेच करतात. गाडीतील यंत्र हे संदेश फक्त ऐकते. संदेश पोहोचायला लागलेल्या वेळेवरून ते उपग्रहांपर्यंतची अंतरे काढते आणि त्यांवरून स्वतःची जागा ठरवते. स्थानाचे तीन आणि यंत्राच्या घड्याळातील चुकीचा एक असे चार अज्ञात असल्याने निदान चार उपग्रह लागतात. वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरची चूक होते!

काढलेली जागा दूरच्या संगणकाला कळवण्याचे काम यंत्रातील मोबाइलचे सिमकार्ड करते. म्हणजे ऐकण्याची वाट वेगळी आणि सांगण्याची वाट वेगळी. हा फरक पुढे फार उपयोगी पडणार आहे.

नकाशासाठी आपण क्यूजीआयएस ही संगणकप्रणाली घेऊ. गॅरी शेरमन यांनी २००२ साली तिची सुरुवात केली. ती विनामूल्य आहे, शाळेच्या साध्या संगणकावर चालते आणि पायथन या भाषेत तिला नव्या गोष्टी शिकवता येतात. आपल्या आज्ञावलीचा सांगाडा अगदी सोपा आहे: दर दहा सेकंदांनी आलेली ओळ वाचा, तिच्यातून स्थान काढा, ठिपका तेथे हलवा. अडचणी आहेत त्या या तीन शब्दप्रयोगांच्या पोटात.

ओळ वाचताना

यंत्राकडून येणाऱ्या ओळीत स्वल्पविरामांनी तोडलेले आकडे असतात. समजा त्यात वेळ ०३४५१२, अक्षांश २०३१.८०० आणि रेखांश ०७६१०.८०० असे आले. येथे पहिला खड्डा आहे. २०३१.८०० म्हणजे २०.३१८ अंश नव्हे. पहिले दोन आकडे अंशांचे आणि उरलेले ३१.८ हे कला, म्हणजे मिनिटे. ३१.८ ला ६० ने भागले की ०.५३ येतात; म्हणून अक्षांश २०.५३ अंश. तसेच रेखांश ७६ अंश १०.८ कला, म्हणजे ७६.१८ अंश. ही जागा बुलढाणा शहराची. साठने भागायचे विसरलो तर बुलढाण्यात उभी असलेली गाडी नकाशावर सुमारे २३.५ किलोमीटर दक्षिणेला आणि ७.५ किलोमीटर पश्चिमेला जाऊन पडेल!

दुसरा खड्डा वेळेचा. ०३४५१२ म्हणजे ३ वाजून ४५ मिनिटे १२ सेकंद, पण ही जागतिक प्रमाणवेळ. तीत साडेपाच तास मिळवले की आपले सकाळचे सव्वानऊ होतात. रात्रीच्या गाड्यांच्या बाबतीत तर तारीखच बदलते. १ जुलै २०२३ रोजी रात्री दीडच्या सुमारास सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खाजगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांना प्राण गमवावे लागले. त्या क्षणी जागतिक प्रमाणवेळेनुसार ३० जूनचे रात्रीचे आठ वाजत होते. अशा घटनेचा माग काढणाऱ्याने साडेपाच तासांचा हिशेब केला नाही, तर दीड वाजताच्या नोंदी समजून तो सकाळी सातच्या नोंदी वाचत बसेल.

तिसरा खड्डा लहान आहे. याच ओळीतील वेग 'नॉट'मध्ये, म्हणजे सागरी मैलांत असतो. त्याला १.८५२ ने गुणावे लागते. २० हा आकडा ताशी २० किलोमीटर नसून ताशी ३७ किलोमीटर असतो.

अंशांचे मीटर

अंश हा कोनाचा मोजदाद, अंतराचा नव्हे. बुलढाण्याच्या परिसरात अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटरचा, तर रेखांशाचा एक अंश सुमारे १०४.३ किलोमीटरचा भरतो. कारण रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात. अंशांवरच पायथागोरसचे प्रमेय लावले तर पूर्व–पश्चिम अंतरे फुगतात. म्हणून नकाशा आधी मीटरच्या चौकटीत आणावा लागतो. 'यूटीएम' या पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंश रुंदीचे ६० पट्टे पाडले आहेत. ७२ ते ७८ अंश पूर्व हा ४३ वा पट्टा, आणि आपला सारा जिल्हा त्यात बसतो. क्यूजीआयएसमध्ये ३२६४३ हा क्रमांक निवडला की अंशांचे मीटर होतात.

ठिपका रस्त्यावर आणणे

यंत्राने दिलेली जागा काही मीटरने चुकीची असते. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत तर अमेरिका नागरी वापराच्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळत असे, आणि ठिपका शंभरेक मीटर भरकटे. आता चूक पुष्कळच कमी झाली आहे. तरीही घाटातील कडे आणि गावातील इमारती यांवरून संदेश परावर्तित होऊन आला की ठिपका रस्ता सोडून नाल्यात उतरतो. मग त्याला जवळच्या रस्त्यावर आणावे लागते. हे काम लंब टाकण्याचे आहे.

एक उदाहरण करू. रस्त्याचा सरळ तुकडा अ (०, ०) पासून ब (४००, ३००) पर्यंत आहे, आकडे मीटरमध्ये. त्याची लांबी ५०० मीटर. ठिपका क (२३०, १४०) येथे आला. लंबाचा पाया अ-पासून रस्त्याच्या किती भागावर आहे, ते असे निघते:

(२३० × ४०० + १४० × ३००) ÷ (५०० × ५००) = १,३४,००० ÷ २,५०,००० = ०.५३६

म्हणजे गाडी अ-पासून ०.५३६ × ५०० = २६८ मीटरवर आहे. पायाचे निर्देशक (२१४.४, १६०.८) येतात आणि ठिपक्यापासून तो बरोबर २६ मीटरवर पडतो, हे विद्यार्थ्यांनी पडताळून पाहावे. हा भाग शून्यापेक्षा कमी आला तर पाया अ-वर आणि एकापेक्षा जास्त आला तर ब-वर धरायचा. सर्व जवळच्या तुकड्यांसाठी हे करून सर्वांत कमी अंतराचा तुकडा निवडायचा.

पण सर्वांत जवळचा रस्ता हाच खरा रस्ता असेल, असे नाही. मेहकर परिसरात समृद्धी महामार्ग आणि जुने रस्ते एकमेकांना वरून-खालून ओलांडतात. तेथे दोन्ही रस्ते ठिपक्यापासून सारख्याच अंतरावर असतात. राजूर घाटाच्या वळणांत वरची आणि खालची वाट नकाशावर शेजारी-शेजारी येतात. अशा जागी आज्ञावलीने आणखी दोन प्रश्न विचारावेत: गाडीची दिशा या रस्त्याशी जुळते का? आणि मागच्या ठिपक्यापासून एवढ्या वेळात येथे पोहोचता येईल का?

उभी गाडी चालते तेव्हा

गाडी किती चालली, हे काढण्यासाठी लागोपाठच्या ठिपक्यांमधील अंतरांची बेरीज करावी, असे कोणालाही वाटेल. आता बसस्थानकात उभी असलेली गाडी घ्या. चुकीमुळे तिचा ठिपका दर दहा सेकंदांनी सरासरी ३ मीटर इकडेतिकडे उडी मारतो, असे समजू. मिनिटाला १८ मीटर, तासाला १,०८० मीटर! गाडी जागची हलली नाही आणि हिशेबात तिने एक किलोमीटर काटला. उलट, घाटात मिनिटाला एकच ठिपका घेतला तर ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात ५०० मीटर वळण घेऊन गेलेली असते. दोन ठिपके सरळ रेषेने जोडले की वळणे गायब आणि अंतर कमी. म्हणून वेग जवळजवळ शून्य असताना अंतर मिळवू नये, आणि चालत्या गाडीचे अंतर रस्त्याच्या रेषेवरून मोजावे.

थांब्यावर गाडी 'आली' आणि 'गेली' यांची नोंद करतानाही हीच उडी आड येते. थांब्याभोवती १०० मीटरचे एकच वर्तुळ काढले, तर काठावर उभी असलेली गाडी पाच मिनिटांत दहा वेळा आत-बाहेर करते. उपाय सोपा आहे. वर्तुळे दोन काढावीत. ६० मीटरच्या आत आली की 'आली' आणि १२० मीटरच्या बाहेर पडली की 'गेली' म्हणावे. मधल्या जागेत आधीचीच स्थिती कायम ठेवावी.

ठिपक्याचे वय

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घाटात मोबाइलचे जाळे मिळाले नाही, तर यंत्र ऐकत राहते पण सांगू शकत नाही. ते नोंदी साठवून ठेवते आणि जाळे मिळताच पाठवते. त्या वेळी ताजी नोंद आधी आणि साठवलेल्या जुन्या नोंदी मागून येऊ शकतात. 'शेवटी आलेली नोंद म्हणजे आजची जागा' असे मानणाऱ्या आज्ञावलीत मोताळ्याला पोहोचलेली गाडी उलटी घाट चढू लागते. म्हणून नोंद संगणकाकडे केव्हा आली हे पाहू नये. ती यंत्राने केव्हा केली हे पाहून क्रम लावावा.

आणि नोंद आलीच नाही तर? ठिपका शेवटच्या जागी शांतपणे उभा राहतो. नोंद आठ मिनिटे जुनी असेल आणि गाडी ताशी ४० किलोमीटरने चालत असेल, तर ती एव्हाना पाच किलोमीटरहून पुढे गेलेली असते. फाट्यावरच्या मुलीला मात्र पडद्यावर 'गाडी घाटात' असेच दिसते. ती पैसे मोडून दुसऱ्या वाहनाने निघून जाते, आणि मागोमाग एसटी येते. किंवा गाडी खरोखरच बंद पडलेली असते, आणि 'जाळे नसेल' म्हणून ती तासभर थांबते. ठिपका दोन्ही वेळी सारखाच दिसतो.

यावर उपाय आज्ञावलीच्या चार ओळींचा आहे. आत्ताच्या वेळेतून नोंदीची वेळ वजा करा. फरक एक मिनिटापर्यंत असेल तर ठिपका भरीव काढा, पाच मिनिटांपर्यंत असेल तर पोकळ, आणि त्यापुढे ठिपक्याशेजारी लिहा: 'शेवटची खबर ९.१५ ची.' सरासरी वेगावरून गाडी पुढे सरकवून दाखवायची असेल तर खुशाल दाखवावी. पण तो अंदाज आहे, हे वेगळ्या रंगाने सांगावे.

शाळेत करून पाहा

मोबाइलमध्ये मार्ग नोंदवणारे एखादे विनामूल्य साधन घ्या. फोन दहा मिनिटे वर्गाच्या खिडकीत ठेवा. मग तो हातात घेऊन मैदानाच्या कडेने एक फेरी मारा. दोन्ही नोंदी क्यूजीआयएसमध्ये उघडा. खिडकीतला फोन किती 'चालला', ते मोजा. मैदानाचा परीघ टेपने मोजून नोंदीतील अंतराशी ताडून पाहा. नंतर तीसपैकी एकच ठिपका ठेवून तेच अंतर पुन्हा काढा. शेवटी प्रत्येक ठिपक्याबद्दल विद्यार्थ्यांना एक वाक्य लिहायला सांगा. त्या वाक्यात वेळ आणि संभाव्य चूक दोन्ही आली पाहिजेत.

बुलढाण्याकडून येणारा तो दुचाकीस्वार "दिसली होती" म्हणत असे आणि किती वेळापूर्वी, तेही सांगत असे. कोणतेही मोजमाप सांगण्याची हीच शास्त्रीय रीत आहे. आपल्या आज्ञावलीलाही तेवढे बोलता आले, तर फाट्यावर उभ्या असलेल्या मुलांना आपला निर्णय नीट घेता येईल.