आडव्या अक्षावर काय?

तारेचा रोध काढायच्या प्रयोगात जोडणीला फार वेळ लागत नाही. एलिमिनेटर, प्लग की, रिओस्टॅट, ॲमीटर आणि तार एकसरीत, व्होल्टमीटर तारेला समांतर. यावलच्या आमच्या प्रयोगशाळेत एका टेबलावर दोघं असतात. एक जण रिओस्टॅट सरकवतो, दुसरा काटे वाचतो. दुपारी लाइट कमीजास्त होते, काटे थरथरतात, म्हणून दोन्ही मीटर एकाच क्षणी वाचायचे. पाच-सहा रीडिंग झाली आणि ग्राफपेपर पुढ्यात आला की हात थांबतात. ‘‘सर, आडवं काय घेऊ?’’

पुस्तकातलं उत्तर असं, की आपण जे बदलतो ते आडव्या अक्षावर आणि त्यामुळे जे बदलतं ते उभ्या अक्षावर. इथे हे उत्तर पुरत नाही. रिओस्टॅट सरकवला की तारेतला करंट आणि तिच्या टोकांमधलं विभवांतर दोन्ही एकदम बदलतात. म्हणून मी मुलांनाच विचारतो, या रेषेतून तुला काढायचंय काय? रोध काढायचा असेल तर व्होल्ट उभे घे, अँपिअर आडवे. मग रेषेचा स्लोप म्हणजेच रोध.

दरवर्षी काही जर्नलांत एकच गोष्ट दिसते. 0.5 व्होल्टला 0.1 अँपिअर, 1.0 ला 0.2, 1.5 ला 0.3. रीडिंग उत्तम, रेष सुरेख. पण व्होल्ट आडवे घेतलेले, त्यामुळे स्लोप येतो 0.2 आणि खाली लिहिलेलं असतं, रोध 0.2 ओहम. तार खरं तर 5 ओहमची. मिळालेला आकडा रोधाचा व्यस्त आहे. ‘व्होल्ट उभे’ हे पाठ करून घेण्यात मला अर्थ वाटत नाही. स्लोपला एकक लिहायची सवय लावावी. अँपिअर भागिले व्होल्ट असं कागदावर उतरलं की पुढे ओहम लिहायला पेन धजत नाही.

स्केल निवडताना 1 सेंटिमीटरला 3 एकक धरलं तर ग्राफपेपरचा प्रत्येक बारीक चौकोन 0.3 चा होतो आणि बिंदू मांडताना चूक ठरलेली. 1, 2 किंवा 5 घ्यावं. या तारेच्या आलेखात दोन्ही अक्ष शून्यापासूनच हवेत. विद्युतधारा विभवांतराच्या प्रमाणात असते, हा गेऑर्ग ओहमचा 1827 मधल्या ग्रंथातला नियम; तो तपासायचा तर रेषा मूळबिंदूतून जाते का, हे बघावंच लागतं. ती थोडी बाजूने गेली तर बहुधा एखाद्या मीटरचा काटा मुळातच शून्यावर नव्हता. मुलं पट्टी सरकवून ती रेषा मूळबिंदूतून ओढतात आणि मीटरने सांगितलेली खरी गोष्ट पुसून टाकतात. याचं मला फार वाईट वाटतं.

डायोड आला की मांडणी फिरते. आता व्होल्ट आडवे, मिलिअँपिअर उभे. सिलिकॉनचा डायोड अर्ध्या व्होल्टपर्यंत जवळजवळ काही वाहू देत नाही आणि 0.7 च्या आसपास करंट एकदम उसळतो. रेषा सरळ नाही, म्हणून साऱ्या आलेखाचा मिळून एक रोध काढायचा प्रश्नच नाही. कुठल्या व्होल्टला तो वाहू लागतो, हे वाचायचं असतं. उलट जोडणीत करंट मायक्रोअँपिअरमध्ये जातो आणि व्होल्ट बरेच वाढवावे लागतात. तेव्हा आडव्या अक्षाला उजवीकडे एक स्केल, डावीकडे दुसरं; उभ्या अक्षालाही वर एक, खाली दुसरं. चारही स्केल कागदावर लिहायलाच हवीत.

तापीकाठच्या गावातून येणाऱ्या एका मुलाने तारेची सरळ रेषा बघून विचारलं, ‘‘सर, मग आमच्या मोटरीचं उलटं काबरं? व्होल्टेज पडलं का अँपिअर वाढतात.’’ त्याचं बरोबर होतं. केळीला पाणी भरणाऱ्या घरातली पोरं स्टार्टरच्या बोर्डावरचे काटे लहानपणापासून वाचतात. पाणी उपसायचा भार तोच, मोटरचा वेगही जवळपास तोच. मग कमी व्होल्टेजवर तेवढंच काम करायला इंडक्शन मोटर जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापतं आणि मोटर जळते.

त्याला म्हटलं, बोर्डावरचे आकडे दिवसभर टिपून आण, आलेख काढू. इथे आडव्या अक्षाबद्दल शंकाच नव्हती. व्होल्टेज डीपीकडून येतं, ते शेतकऱ्याच्या हातात नसतं. त्यावर मोटर किती ओढते ते उभ्या अक्षावर. शून्यापासून सुरुवात करायचीही गरज नाही. तशी केली तर सगळे बिंदू एका कोपऱ्यात गोळा होतात. 340 व्होल्टपासून अक्ष सुरू केला की त्यांना पसरायला जागा मिळते. रेषा उजवीकडे उतरत जाते. तिच्या स्लोपवरून रोध सांगायचा नाही. मोटरच्या पाटीवर जेवढे अँपिअर लिहिलेत तेवढ्या उंचीवर एक आडवी रेघ मारायची. उतरती रेषा तिला जिथे छेदते, त्याच्याखाली व्होल्टेज गेलं की मोटर बंद करायची.