बाळकृष्णबुवांचे इचलकरंजी
(दक्षिण महाराष्ट्रातील गवई : लेखांक सहावा)

ग्वाल्हेरचा ख्याल महाराष्ट्रात आणला तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी, हे वाक्य संगीताच्या बहुतेक पुस्तकांत सापडते. पण तो रुजला मुंबई-पुण्याऐवजी मिरज, इचलकरंजी अशा लहान गावांत, याचा विचार फारसा होत नाही. माझ्या मते हा योगायोग नव्हता; त्यामागे तिथल्या संस्थानांचा आश्रय होता. बुवांचा जन्म 1849 चा, इचलकरंजीजवळच्या चंदूरचा. विद्येसाठी धारला देवजीबुवांकडे राहून ते ग्वाल्हेरला गेले आणि वासुदेवबुवा जोशांचे शिष्य झाले. परतल्यावर मुंबईत त्यांनी गायन समाज काढला, ‘संगीत दर्पण’ नावाचे मासिकही चालवले. म्हणजे शहराची, छापखान्याची, सार्वजनिक संस्थेची वाट त्यांनी धरून पाहिली होती.

ती सोडली दम्यामुळे, मग यात संस्थानांचे श्रेय ते काय, असे कोणी विचारील. दम्याने मुंबई सुटली हे खरेच. पण दम्याकडे पाहून शिष्य जमत नाहीत. ग्वाल्हेर गायकीत बंदिशीची स्थायी आणि अंतरा आधी पूर्ण मांडायचा, मग आलाप, बोलआलाप, बोलताना आणि शेवटी सपाट तान अशी बढत करायची. तिलवाड्याच्या सोळा मात्रांत घाई न करता समेवर यायला गळ्याइतकाच अदमासही तयार व्हावा लागतो, आणि तो शिकवणीच्या तासाभरात होत नाही. शिष्याला वर्षानुवर्षे गुरूच्या घरी राहायचे, तर त्याच्या जेवणाचा खर्च कोणीतरी उचलला पाहिजे. तो मिरजेच्या पटवर्धनांसारख्या संस्थानिकांनी उचलला. इचलकरंजीला जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे होते.

मोठा आक्षेप बुवांच्या शिष्याचाच आहे. कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुसकर मिरजेत बुवांकडे शिकले, 1896 मध्ये बाहेर पडले आणि 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. राजाश्रयात गवयाची पायरी आश्रिताची, हे त्यांना सलत होते आणि ते सलणे रास्त होते. संगीत चारचौघांच्या घरात गेले ते त्यांच्यामुळे, यातही वाद नाही. पण त्यांनी लाहोरला नेले ते मिरजेत मिळालेलेच. मुंबईतली त्यांच्या विद्यालयाची इमारत 1924 साली कर्जापायी लिलावात गेली, म्हणजे लोकाश्रयालाही मर्यादा होत्या. त्याहून बोलका पुरावा त्यांच्या उपदेशक वर्गाचा, म्हणजे त्यांच्याजवळ राहून शिकणाऱ्या शिष्यांचा. फी भरून शिकणाऱ्यांतून जाणता श्रोता घडला. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे गवई मात्र या उपदेशक वर्गातले. गवई घडवायची वेळ आली तेव्हा पलुसकरांनीही गुरूच्या घरचाच रिवाज धरला; फक्त खर्च सोसणारा बदलला.

राजाश्रय चांगला होता, असे मी म्हणत नाही. मर्जी फिरली की गवयाचे अन्न तुटे. पण 1926 साली इचलकरंजीत बुवा वारले तेव्हा त्यांची गायकी त्या एका गावात अडकून पडली नव्हती. बुवांचे शिष्य अनंत मनोहर जोशी यांच्याकडून ती त्यांचे चिरंजीव गजाननबुवा यांच्याकडे गेली, आणि यशवंत सदाशिव मिराशीबुवांनी ‘भारतीय संगीतमाला’ लिहून घराण्याच्या बंदिशी छापील करून ठेवल्या. गुरूच्या तोंडून आलेली बंदिश कागदावर किती उतरते, हे पुढच्या लेखांकात पाहू.