शिकारतळाचा तंबू कसा निवडावा

उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वताच्या मोंटाना, वायोमिंग, आयडाहो आदी राज्यांत एल्क ह्या मोठ्या हरणाच्या शिकारीस शासनाच्या परवान्याने मुभा असते. बंदुकीच्या शिकारीचा हंगाम बहुतांशी ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत येतो. त्या दिवसांत उंचावरील रानांत बर्फ पडू लागलेले असते, रात्री पारा शून्याखाली दहा-पंधरा अंशांपर्यंत उतरू शकतो, आणि जवळची वस्ती कित्येकदा घोड्यावरून दिवसभराच्या वाटेवर असते. अशा जागी आठ-दहा दिवस काढावयाचे तर निवारा नुसता पाऊस-वारा अडविणारा असून भागत नाही. त्यात चूल पेटविता आली पाहिजे, भिजलेले कपडे वाळले पाहिजेत, आणि रात्री निजलेली माणसे सकाळी सुखरूप उठली पाहिजेत. बंद तंबूतील विषारी वायू आणि आग ह्यांनी माणसे दगावल्याच्या घटना घडत आल्या आहेत. म्हणून तंबूची निवड हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. भारतात वन्य प्राण्यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने व त्यातील पुढील दुरुस्त्यांनी निषिद्ध झाली आहे. तथापि थंड डोंगरात मुक्काम करणाऱ्या वनरक्षकास किंवा भूवैज्ञानिकास हेच प्रश्न पडतात.

रॉकी पर्वतात ह्या कामी जो तंबू रूढ आहे त्यास 'भिंतीचा तंबू' म्हणतात. त्याचे उतरते छप्पर जमिनीपर्यंत न येता चार-पाच फूट उंचीच्या उभ्या कापडी भिंतींवर टेकते; कनात लावलेल्या डेऱ्यावरून भारतीय वाचकास त्याची कल्पना येईल. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात सैन्यातील अधिकारी अशाच तंबूंत राहत. उभ्या भिंतींमुळे अगदी कडेलाही खाट मांडता येते, आणि चूल कापडापासून दूर ठेवण्यास जागा उरते.

नायलॉनचे हलके तंबू मिळत असताना एवढे जड सुती कापड डोंगरावर कशासाठी न्यावे? ह्याचे उत्तर पाण्याच्या वाफेत आहे. निजलेल्या माणसाच्या श्वासातून व त्वचेतून एका रात्रीत सुमारे पाव लिटर पाणी बाहेर पडते. चौघांचे मिळून ते लिटरभर झाले. शिवाय ओले मोजे, उकळती किटली ह्यांची भर निराळीच. लेप दिलेल्या नायलॉनमधून ही वाफ बाहेर जात नाही. ती थंड कापडावर गोठते आणि चूल पेटताच अंथरुणावर ठिबकू लागते. सुती कॅनव्हासच्या विणीत मात्र सूक्ष्म छिद्रे असतात व त्यांतून वाफ निघून जाते. मग पाऊस आत का येत नाही? एक तर पाण्याच्या पृष्ठताणामुळे थेंब त्या छिद्रांत सहजी शिरत नाही. दुसरे म्हणजे कापसाचा तंतू पाणी शोषून फुगतो व छिद्रे आणखी अरुंद होतात. म्हणूनच नवा तंबू पहिल्या मुक्कामाआधी अंगणात उभारून एकदोनदा चिंब भिजवून वाळवितात. सूत व शिलाई फुगून सुईची भोकेही बुजतात. पावसात आतून छताला बोट लावले तर तेथून गळती सुरू होते, ही जुन्या लोकांची तक्रार खरी आहे. स्पर्शाने पाण्याचा पडदा मोडतो व थेंबाला आत येण्याची वाट मिळते.

कापडाची जाडी एका चौरस यार्डाच्या औंसांतील वजनाने सांगतात. दहा औंसांचे (चौरस मीटरला सुमारे ३४० ग्रॅम) कापड बहुतेक तळांस पुरे पडते. बारा औंसांचे अधिक टिकाऊ, पण त्याच प्रमाणात जड. आकड्यापेक्षाही सूत पाहणे अगत्याचे आहे. दोन पदर पिळून केलेल्या सुताचे घट्ट विणलेले कापड चांगले. एकेरी सुताच्या कापडास पुष्कळदा खळ देऊन भरीवपणा आणलेला असतो आणि पहिल्या दोन पावसांत ती खळ धुऊन जाते. कापड उजेडासमोर धरून पाहावे व दोन बोटांत चोळावे. पांढरी भुकटी निघाली तर समजून घ्यावे.

बारा फूट रुंद व चौदा फूट लांब हा चौघांच्या तंबूचा नेहमीचा आकार. भिंती पाच फुटी व आढे आठ फुटांवर धरल्यास दहा औंसांचे नुसते कापडच पंधरा किलोंच्या आसपास भरते. शिवणी, दोर व तळपट्टी धरून ते त्याहून बरेच अधिक होते. त्यावर पोलादी नळ्यांचा सांगाडा आला. मोटार तळापर्यंत जात असेल तर हा सांगाडा जरूर न्यावा. पण ओझ्याचा घोडा सत्तर किलोंच्या आसपासच वाहतो. तेव्हा घोड्यावरून जाणारे लोक नळ्या घरी ठेवून रानातच वासे तोडतात. तेथील एका सरळसोट पाइनचे 'लॉजपोल' हे नावच मुळी आदिवासींच्या शंकाकृती तंबूंच्या वाशांवरून पडले आहे. वासे तोडण्यास वनखात्याची अनुमती आहे की नाही, हे आधी विचारून ठेवावे लागते.

सांगाड्याची खरी परीक्षा बर्फ घेते. वरील तंबूच्या छपराखाली सुमारे सोळा चौरस मीटर जमीन येते. त्यावर तीस सेंटिमीटर भुसभुशीत बर्फ साचले तरी भार चारशे किलोंच्या घरात जातो; तेच बर्फ ओले असेल तर एक टनाच्याही वर. म्हणून छप्पर तीव्र उताराचे घ्यावे आणि त्यावर ताणून बांधण्यासाठी वेगळे वरकापड घ्यावे. वरकापडावरून बर्फ घसरते, आणि धुराड्याच्या ठिणग्याही मुख्य कापडापर्यंत पोहोचत नाहीत.

अग्नीविषयी अधिक सांगितले पाहिजे. ६ जुलै १९४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड शहरी एका सर्कशीचा तंबू पेटून दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. पाणी अडावे म्हणून त्या कापडास पेट्रोलमध्ये विरघळविलेले पॅराफिन मेण लावलेले होते. अशा मेणाचा घरगुती लेप चुलीच्या तंबूस कधीही देऊ नये. कापडावर ज्वालारोधक प्रक्रिया झाली असल्याची चिठ्ठी शिवलेली असते. अमेरिकेत त्यासाठी 'सीपीएआय-८४' हा निकष वापरतात. ज्वालारोधक म्हणजे न जळणारे नव्हे. ज्वाला दूर होताच विझणारे, एवढाच त्याचा अर्थ. धुराडे ज्या भोकातून जाते त्याभोवती उष्णतारोधक कापडाचे कडे पक्के शिवलेले असावे, नळी आढ्याच्या वर पोहोचावी आणि तिच्या तोंडाशी ठिणग्या अडविणारी जाळी असावी.

लाकडाची चूल धुराड्यातून आतली हवा बाहेर ओढते व फटींतून ताजी हवा आत येते. त्यामुळे तंबू कोरडा राहतो. धुराडे नसलेली गॅसची शेगडी ह्याच्या अगदी उलट. एक किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाणी तयार होते, ते तंबूतच राहते. त्याहून वाईट म्हणजे ज्वलन अपुरे झाले तर कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट जुळतो. झोपेतल्या माणसास कळण्याआधीच तो बेशुद्ध होतो. कॅनव्हासमधून हवा खेळते ह्यावर येथे विसंबू नये, कारण भिजून गोठलेले कापड जवळजवळ बंदच होते. म्हणून दोन्ही टोकांच्या त्रिकोणात, आढ्याजवळ, झडपेची खिडकी असलेलाच तंबू घ्यावा, ती रात्रभर थोडी उघडी ठेवावी आणि ह्या वायूची सूचना देणारे विजेरीवरचे यंत्र खाटेजवळ टांगावे.

ह्याखेरीज कॅनव्हासला एक सजीव शत्रूही आहे. कापूस म्हणजे सेल्युलोज, व सेल्युलोज हे बुरशीचे अन्न. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवरील अमेरिकन सैन्याचे तंबू भराभर कुजू लागले. तेथील कुजक्या कॅनव्हासवरून मिळविलेल्या बुरशीस १९७७ मध्ये एल्विन रीझ ह्या शास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ नव्हे, तर त्यांच्या हयातीतच त्यांच्या गौरवार्थ 'ट्रायकोडर्मा रीसाय' हे नाव मिळाले; सेल्युलोज फोडणारी तिची विकरे आज कापड-उद्योगात मुद्दाम वापरली जातात. तंबूवर तिच्या जातभाईंस काम करू द्यावयाचे नसेल तर जमिनीस टेकणारी तळपट्टी सुती न घेता प्लास्टिकच्या जाड कापडाची घ्यावी. तळ उठविताना तंबू ओला गुंडाळावा लागला, तर घरी पोहोचताच, त्याच दिवशी, तो उलगडून टांगावा. आणि शिवणी व कोपरे हाताला पूर्ण कोरडे लागल्यावरच पिशवीत भरावा.