कोपऱ्यातला स्पीकर जरा पुढे घ्या!

मोबाइलच्या स्पीकरवर तबला ऐकलाय? अर्धाच ऐकू येतो. चाटेवरची टकटक पोचते, पण डग्ग्याचा घुमारा गायब! कारण साधं आहे. खालचे सूर वाजवायला बरीच हवा हलवावी लागते आणि मोबाइलमधल्या नखाएवढ्या स्पीकरला ते झेपत नाही. म्हणजे वादकाने आणि रेकॉर्डिस्टने जीव ओतून केलेल्या कामातला मोठा भाग तुमच्यापर्यंत येतच नाही.

तो ऐकायला हॉलभर साउंड सिस्टिम लागते असं वाटत असेल, तर तसं काही नाही. पुस्तकांच्या फळीवर मावतील असे दोन डबे पुरतात. हेच बुकशेल्फ स्पीकर. प्रत्येकात खालच्या सुरांसाठी साधारण चार ते साडेसहा इंचांचा वूफर आणि वरच्या सुरांसाठी इंचभराचा ट्वीटर. छोटे म्हणून त्यांना कमी लेखू नका. १९७०च्या दशकात बीबीसीने प्रक्षेपणाच्या व्हॅनमध्ये बसून आवाज तपासता यावा म्हणून ‘एलएस ३/५ए’ हा जेमतेम फूटभर उंचीचा स्पीकर तयार केला. त्या डिझाइनचे स्पीकर आजही बनतात.

हेडफोन आहेत की, असं म्हणाल. पण हेडफोनमध्ये गाणं डोक्याच्या आत वाजतं. दोन स्पीकरमधून ते तुमच्यासमोर उभं राहतं. दोन्हीकडून सारखाच येणारा आवाज बरोबर मधोमध ऐकू येतो, जिथे खरं तर काहीच नसतं! स्टिरिओची ही कल्पना ॲलन ब्लमलाइन या ब्रिटिश इंजिनीअरने १९३१ मध्येच पेटंटसाठी मांडली होती. शिवाय हेडफोन एकट्याचा असतो. स्पीकरवरचं गाणं रूममेटलाही ऐकता येतं.

मात्र महागडे स्पीकर कोपऱ्यात कोंबले, तर पैसे वाया. आधी हे फुकटातलं करून बघा :

* दोन स्पीकर आणि तुम्ही, असा समान बाजूंचा त्रिकोण जमवा.
* ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला यायला हवा. टेबल बुटकं असेल, तर खाली जाडजूड पुस्तकं ठेवा.
* स्पीकर भिंतीपासून निदान वीतभर, जमलं तर हातभर पुढे घ्या. कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि गायकाचे शब्द गढूळ होतात.
* रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. पडदा, गादी, गोधडी, पुस्तकांची रॅक यांनी तो बराच आटोक्यात येतो.
* ॲपच्या सेटिंगमध्ये ऑडिओ क्वालिटी वाढवा.

विकत घेताना ‘ॲक्टिव्ह’ आणि ‘पॅसिव्ह’ यांतला फरक विचारा. ॲक्टिव्हमध्ये ॲम्प्लिफायर आतच असतो, पॅसिव्हला वेगळा घ्यावा लागतो. खोक्यावरच्या हजारो वॉटच्या स्टिकरला भुलू नका. ओळखीचं गाणं दुकानात लावून ऐका आणि मगच ठरवा.

आणि ऐकायचं काय? ‘कॉल ऑफ द व्हॅली’ने सुरुवात करा. १९६७चा हा अल्बम. पंडित शिवकुमार शर्मांचं संतूर, पंडित हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि पंडित ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस त्यात उलगडतो. संतूरच्या तारेवर कलम पडल्यावर नाद कसा विरत जातो, बासरीत फुंकर कशी शिरते, हे ऐका. आवाज फार वाढवावा लागत नाही; शेजारच्या काकू दार वाजवणार नाहीत!

एकच अट आहे. तेवढा वेळ मोबाइल उलटा ठेवायचा. अभ्यास करताना, जिममध्ये, लोकलच्या गर्दीत आपण दिवसभर गाणी लावतो, पण ऐकतो किती? आठवड्यातून एकदा वीस मिनिटं, दुसरं काहीही न करता, नुसतं गाण्यासमोर बसायचं. पहिल्यांदा हात चुळबुळतील. तरी बसून राहा. पाठ असलेल्या गाण्यातही आजवर न ऐकलेलं एखादं वाद्य हमखास सापडेल.